बिनमिठाचा गोळा

तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या आधी
मूठभर गव्हाचं पीठ परातीत घेते.
आमच्याकडे गहू येतो तो एवढ्यासाठीच.
मीठ नाही, पाणी बेताचं.
कणीक सैल झाली तर धुमा रडतो,
घट्ट झाली तर बोलतच नाही.
एकतीस वर्षं हे उठल्या उठल्या विचारतात,
“झालो गो गोळो?”
आणि मी म्हणते, “झालो.”

तळाशीलला आमच्या मागल्या दारी खाडी, पुढल्या दारी समुद्र,
मध्ये एवढीशी वाळू, तिच्यावर माड आणि माणसं.
पहाटे दोन्हीकडून पाणी ऐकू येतं
आणि मधोमध ह्यांचा पखवाज:
धा दिं ता, धा दिं ता,
पोराला पहिल्या दिवशी देतात तो धडा.
पाऊण तास तेवढंच.
शेजारची हेमांगी एकदा म्हणाली,
“काकी, काकांना पुढचं येत नाही?”

येतं.
कणकवलीच्या डबलबारीत रात्री अडीचला
समोरच्या पखवाजवाल्याने हात जोडले होते,
फणसावर चढून बसलेली माणसं ओरडत होती.
ढाल मिळाली, पितळेची, नावात चूक असलेली.
मग तीन वर्षं हे पुढच्या ढालीमागे,
त्याहून मोठ्या, टीव्हीवाले येणार म्हणे त्या.
त्या तीन वर्षांत घरी कधी वाजवलं
मला आठवत नाही.
हातच कुणाच्या तरी घरी वस्तीला गेलेला.

एका मार्गशीर्षात परत आला.
का, ते मी विचारलं नाही.
ढाल आता सुक्या सुंगटांच्या डब्यावर असते.
मांजराला हलत नाही, इतकी जड आहे.

वाजवून झालं की धुम्यावरची कणीक खरवडून
हे मागच्या धक्क्यावर जातात.
शेवट्यांची पिल्लं जमलेली असतात,
सुकतीलाही, चिखलातल्या हातभर पाण्यात.
“आज हात बरो बसलो नाय,”
हे मला नाही, त्यांना सांगतात.
ही तक्रार नाही
हे कळायला मला वीस वर्षं लागली.
हात उद्या बसवायचा आहे,
म्हणजे उद्या आहे.

गेल्या भाद्रपदात ह्यांना मालवणच्या दवाखान्यात ठेवलं,
अकरा दिवस. सोबतीला सून.
पहिल्याच सकाळी माझ्या हाताने गोळा मळला,
मला न विचारता.
कुणासाठी गो बाई? मग मासे आठवले.
धक्क्यावर नेऊन टाकला. एकही आला नाही.
पाऊल ओळखीचं नव्हतं,
की कणकेला चामड्याचा वास नव्हता,
कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी गवसणी काढली.
अठ्ठावन्न वर्षांची बाई, दाराला कडी लावून,
गोळा थापला ते थापतात तसा, मधून कडेकडे,
आणि डावा पंजा टाकला.
भांडं पडल्यासारखा आवाज.
पुन्हा टाकला. पुन्हा भांडं.
सातव्या दिवशी एकदाच, चुकून,
आवाज खाली उतरला,
जमिनीतून माझ्या तळव्यांत आला.
अंगणातली कोंबडी दाणा टिपता टिपता थांबली.
त्यानंतर परत भांडंच.
पण मी कणीक खरवडून धक्क्यावर गेले,
कडेला बसले आणि म्हटलं,
“आज हात बरो बसलो नाय.”
पाण्याला सुरकुती पडली.

हे परत आलेत. थोडे वाळलेत,
धा अजून खोलात जात नाही,
त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसत नाही.
पाऊण तास झाला की उठतात,
धक्क्याकडे न जाता उंबऱ्यावर टेकतात,
पाठ माझ्याकडे, तोंड खाडीकडे.
कणीक वाळायच्या आत
दहा मिनिटं मला मिळतात.
मासे हल्ली जरा उशिरा जेवतात.